दोन भोकांची ट्यूब

फुलंब्रीच्या पुढं डोंगरात जे अभयारण्य आहे, त्याच्या फाटकातून दोन वर्षांपासून एकही गाडी आत जात नाही. खुद्द वनपालाची मोटरसायकलसुद्धा फाटकाशी उभी राहते. आत बावीस किलोमीटरचा मुरूम-खडीचा जुना रस्ता डोंगराला वळसा घालून परत फाटकाशी येतो, आणि त्याच्यावर फक्त सायकली. शहरातले हौशी लोक दर रविवारी येतात. त्यांच्यापुढं राहून वाट दाखवायला आणि झाडं-पाखरं सांगायला गावातलंच एक माणूस पगारावर नेमायचं ठरलं होतं. चौदा अर्ज आले होते. गाळून गाळून शेवटी एकच नाव उरलं: निशा. आता एवढी चाचणीची फेरी पार पडली की झालं.

निशा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि तीन वर्षं जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभी होती. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आकडा मोठ्यानं वाचायचा, बस्स. संध्याकाळी नाक शिंकरलं की कापूस निघायचा. ही फेरी बिनसली तर सोमवारी पुन्हा तोच काटा.

तिचे वडील धोंडिबा गावच्या फाट्यावर पंक्चर काढत. वनपालानं त्यांनाही सांगून ठेवलं होतं की तळ्यापाशी पेटी घेऊन बसा, काम बरं वाटलं तर दर रविवारी तिथंच बसवू. आदल्या संध्याकाळी त्यांनी लेकीच्या सायकलला नवी कोरी ट्यूब घातली आणि टायर दगडासारखं होईस्तोवर पंप मारला.

"अप्पा, एवढी हवा? हाडं खिळखिळी होतील."

"खडीला लागती. कमी झाली का रिम ट्यूब कापती."

"पण कशामुळं?"

"कशामुळं म्हंजी? कापती म्हून कापती."

निशा हसली होती. अप्पांचं सगळं ज्ञान असंच, कारण विचारलं की संपलं.

रविवारी पहाटेच धोंडिबा पेटी डोक्यावर घेऊन निघाले. फेरी संपवून माणूस ज्या बाजूनं फाटकाशी परत येतो, त्या बाजूनं तळं सहा किलोमीटरवर. गाडी आत जात नाही, म्हणून पायी.

सात वाजता पाहुणे आले. शहरातल्या सायकल क्लबाचा अध्यक्ष विश्वजीत, गारखेड्यात ज्याचे क्लासेस चालतात तो, आणि क्लबातली श्रेया. विश्वजीत काय अभिप्राय देतो यावर नेमणूक होती. वनपाल राजेंद्र साळवे खात्याची सायकल घेऊन सोबत निघणार होते.

विश्वजीतला निशा ओळखत होती. महिन्याभरापूर्वी चढावर ती आपल्या बिनगिअरच्या सायकलवरून, मागं सरपणाची मोळी बांधून, त्याच्या शेजारून पुढं निघून गेली होती. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं आणि क्लबभर फिरवलं होतं. पण आज तो स्वतःहून जवळ आला, हसला.

"काय मॅडम, आज मोळी नाही? आज तरी मला चान्स आहे." मग त्यानं तिचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. "अगं, हे काय! हे तर लोखंड आहे."

"वडिलांनी भरलंय सर."

"बैलगाडीचं चाक केलंय वडिलांनी. तू सायन्सची ना? मग सांग, कडक टायर दगडावर आलं की काय होतं?"

"उसळतं."

"म्हणजे तू लावलेली ताकद वर उडण्यात गेली. मऊ टायर दगडाला पोटात घेतं. संपर्काचं क्षेत्रफळ वाढतं, पकड वाढते. आम्ही सगळे खडीवर निम्म्या हवेनं चालवतो." त्यानं खिशातून प्रेशर मोजायचं यंत्र काढलं, तिच्या वाल्व्हला लावून पाहिलं. ते बसलं नाही. यंत्र परत खिशात गेलं. "राहू दे, अंदाजानं करू."

निशानं मनातल्या मनात सगळं तपासलं. क्षेत्रफळ, दाब, ऊर्जा. एकही पायरी चुकीची नव्हती. तिनं स्वतःच वाल्व्हचा नट ढिला केला. फुस्स करून हवा गेली.

पहिले बारा किलोमीटर स्वप्नासारखे गेले. खरंच धक्के कमी झाले होते. ती पुढं राहून धावड्याची झाडं दाखवत होती, मोराची पिसं दाखवत होती, राजेंद्र साळवे समाधानानं मान हलवत होते. श्रेया म्हणाली, "किती शांत आहे ना! नुसता टायरांचा आवाज."

चौदाव्या किलोमीटरनंतर उतार लागला, तशी विश्वजीतनं सायकल तिच्या पुढं काढली. उतारावर एक बसका, धारदार दगड होता. विश्वजीतची सायकल त्याच्यावरून गेली, काही झालं नाही. निशाची गेली आणि रिम दगडावर ठण्णकन वाजली. वीस पावलांत मागचं चाक जमिनीला टेकलं.

"पंक्चर?" विश्वजीत थांबला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. "ओह, तुझ्यात आत ट्यूब आहे होय? आमच्यात नसते गं. नुसतं टायर, आत रसायन. ट्यूबवाल्याला निम्मी हवा चालत नाही."

निशा त्याच्याकडं बघत राहिली. यंत्र वाल्व्हला बसलं नाही, तेव्हाच त्याला कळलं होतं. साध्या ट्यूबच्या वाल्व्हला ते बसतच नाही.

"चला, ढकला आता," तो म्हणाला. "मोळी नाही हे बरंय."

तळ्यापर्यंतचा दीड किलोमीटर ती सायकल ढकलत गेली. मागून तिघं पायडल न मारता हळूहळू येत होते. साळवे घड्याळ बघत होते.

धोंडिबांनी लेकीला चालत येताना पाहिलं आणि पाना हातात घेऊनच उठले. ट्यूब बाहेर काढली, पाण्यात बुडवली. बुडबुड्यांच्या दोन माळा, अगदी शेजारी शेजारी, जणू साप चावलाय. त्यांनी एकदा भोकांकडं बघितलं, एकदा पोरीकडं. हवा कुणीतरी सोडलीय हे त्यांना कळलं.

"काय झालं धोंडिबा?" साळवे म्हणाले. "पाहुण्यांसमोर वाटाड्याचीच सायकल बसते, हे काय दिसतं का? निशा, तुझ्या हातनं काही झालं का?"

निशाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे पाहुण्याकडं बोट दाखवायचं, आणि अभिप्राय त्याच्याच हातात. शिवाय हवा तिनंच सोडली होती. विश्वजीत बाटलीतलं पाणी पीत तिच्याकडं बघत होता, मजेत.

"ट्यूब जुनी होती सर," ती म्हणाली. "अप्पांनी काल जुनीच बसवली. मी म्हटलं होतं."

धोंडिबांच्या हातात ट्यूब होती. तिच्यावरची पांढरी पावडर अजून पुरती उडाली नव्हती, कंपनीचा निळा शिक्का ठसठशीत होता. त्यांनी ट्यूब हळूच वळवली, शिक्का मुठीत घेतला.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "जुनी व्हती. माझंच चुकलं."

"मग तुम्हाला इथं कसं बसवायचं मी? या लोकांच्या सायकली केवढ्याच्या असतात, माहितंय का?"

"शहरातला मेकॅनिक मी देतो," विश्वजीत म्हणाला. "आणि पोरीचं म्हणाल तर पोरगी चांगली आहे. चुणचुणीत. माझ्याकडनं हो आहे."

"बरं. निशा, पुढच्या रविवारपासून ये. धोंडिबा, एवढं उरका आणि तुम्ही जा."

धोंडिबांनी भोकांवर एकच लांबट ठिगळ चिकटवलं, बराच वेळ अंगठ्यानं दाबून धरलं. ट्यूब आत सारली. पंप मारताना ते मोजत नसत, आज मोजत होते. टायर कडक झाल्यावर सायकल तिच्या हातात दिली.

"जा बाई. साहेब खोळंबलेत."

निघाल्यावर विश्वजीत तिच्या बरोबरीला आला. "आता हवा बरोबर आहे ना?"

"आहे सर."

"गुड. मला विचारत जा असंच."

पुढच्या वळणावर तिनं सगळ्यांना थांबवलं. तिथून खालचा रस्ता दिसतो. पेटी डोक्यावर घेतलेला एक माणूस तळ्याकडून मधोमध चालत येत होता. कडेला होण्याचं कारण नव्हतं. मागून कुठलीच गाडी येणार नव्हती.

"ते काका चालत जाणार?" श्रेयानं विचारलं. "केवढं लांब आहे!"

"सहा किलोमीटर," निशा म्हणाली. "त्यांना सवय आहे." मग ती पाठ फिरवून शेजारच्या झाडाकडं वळली आणि खोडाची कागदासारखी सुटलेली साल तिनं दोन बोटांत धरली. "ही सालई. हिची साल अशी निघते, पण झाडाला काही होत नाही. बघा, ओढून बघा सर."