खिडकीकडची कॉट

सौदा हजेरीच्या फायद्याचा होता, यात वाद नाही. तिला द्यायचं काय होतं? एक दुपार. एका खुर्चीत बसून दुसरीचं रडगाणं गायचं आणि उठून यायचं. मिळणार काय होतं? खिडकीकडची कॉट, परीक्षा संपेपर्यंत. हॉस्टेलमध्ये खिडकीकडच्या कॉटवरून जिवाभावाच्या मैत्रिणींनी एकमेकींची तोंडं पाहायचं सोडलं होतं. ती अशी आयती पदरात पडत असताना नाही म्हणणारी मुलगी मूर्खच म्हणायची, आणि हजेरीला आजवर कोणी मूर्ख म्हटलेलं नव्हतं.

हजेरी हे अर्थात तिचं नाव नव्हे. ती वर्गाने दिलेली पदवी होती. जी मुलगी तासाला आली नसेल तिच्या नंबराला ही ‘येस सर’ म्हणायची. एकीसाठी नाकातून, दुसरीसाठी घशातून, तिसरीसाठी सर्दी झाल्यासारखं. सरांनी मान वर करून पाहावं, तर ही वहीत डोकं खुपसून बसलेली. बदल्यात कधी काही मागायची नाही, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर.

या वेळी मात्र मागितलं. गिऱ्हाईक होती तिच्याच खोलीतली जोडीदारीण. तिला सगळे राणीसाहेब म्हणत, कारण ती दुपार झाल्याशिवाय उठत नसे. आधी गंमत होती. मग ती जेवायला येईनाशी झाली, वर्गात प्रश्न विचारला तर ओठ हलवीनाशी झाली, आणि खिडकीकडची कॉट तिची असून पडदा कायम ओढलेला राहू लागला. शेवटी विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, ‘समुपदेशक मॅडमना भेटून ये. भेटलीस असा त्यांचा मला फोन आला, तरच परीक्षेला बसायचं.’

‘मी काय वेडी आहे का गं?’ राणीसाहेबांनी पांघरुणाच्या आतून विचारलं.

‘वेडी असतीस तर बरं होतं. निदान उठून पळाली तरी असतीस.’

‘तू जा ना माझ्याऐवजी. मॅडमनी मला कुठे पाहिलंय?’

हजेरी केस विंचरत होती. कंगवा केसांतच ठेवून म्हणाली, ‘खिडकी देशील?’

‘घे बाई. खिडकी घे, पडदा घे. मला मेलीला उजेडाचं काय करायचंय?’

खिडकी कशाला हवी, असं बाकीच्या मुलींनी विचारलं तेव्हा हजेरीने सांगितलं, वारा लागतो. हे साफ खोटं होतं. त्या खिडकीतून हॉस्टेलचं फाटक दिसायचं, फाटकाशी वॉचमनची मोडक्या हाताची खुर्ची, आणि पलीकडे बसथांबा. हजेरीची मोठी बहीण घर सोडून गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. जाताना तिला धाकटीचा एवढाच ठावठिकाणा माहीत होता, की ही पुढे याच विद्यापीठात येणार. आली तर ताई या फाटकाशी येणार. आणि ती येऊन, वॉचमनने चार प्रश्न विचारले म्हणून बिचकून परत फिरली तर? म्हणून खिडकी.

मग तयारी झाली. राणीसाहेबांचं घर पाठ करून झालं. वडिलांचं चष्म्याचं दुकान, दोन भाऊ, दोघंही हुशार आणि दोघंही ते लपवत नसत. आई सारखी आजारी. झोप येते, भूक लागत नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती बघत बसतात. राणीसाहेब हे सगळं छताकडे बघून सांगत होत्या, आणि हजेरी आवाज कुठला लावावा याचा विचार करत होती.

समुपदेशनाची खोली ग्रंथालयाच्या वर, जिन्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत. बॉल गेले, जाळ्या गेल्या, रबराचा वास तेवढा मागे राहिला. दारासमोर पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. सबंध विद्यापीठात एवढं पाणी दुसऱ्या कुठल्याच कूलरचं प्यायलं जात नसेल, कारण दाराशी आलेलं पोर जिन्यात कोणी ओळखीचं दिसलं की झटकन वळून पाणी प्यायला लागायचं. हजेरीही प्यायली. आली होती दुसरीच्या नावाने, तरी लाज वाटायची ती स्वतःचीच वाटली.

मॅडम खुर्चीखाली चपला काढून बसल्या होत्या. समोर कोणी असं अनवाणी बसलं की आपण दवाखान्यात आलोय की कोणाच्या घरी, तेच कळत नाही. खुर्च्याही समोरासमोर नव्हत्या, जरा तिरप्या होत्या. बोलताना खिडकीकडे पाहिलं तरी उद्धटपणा वाटू नये, अशा.

हजेरीने सुरुवात झकास केली. मान खाली, आवाज अर्धा. झोप सांगितली, भूक सांगितली, भाऊ सांगितले. चष्म्याच्या दुकानात तर काउंटरच्या काचेपासून आरशापर्यंत फिरवून आणलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘घरी तुला काय म्हणून हाक मारतात?’

हे पाठ केलेलं नव्हतं. राणीसाहेबांना घरी काय म्हणत असतील? बेबी? छोटी? काहीतरी ठोकून द्यायला काय लागत होतं? पण तोंडातून निघालं ते भलतंच.

‘शेपूट.’

‘शेपूट?’ मॅडम हसल्या.

‘मी सारखी ताईच्या मागे असायचे ना. ती विहिरीवर गेली, मी मागे. ती मैत्रिणीकडे गेली, मी मागे. ती म्हणायची, चल गं शेपटे.’ हजेरी थांबली. ‘आता कोणी म्हणत नाही.’

चष्म्याच्या दुकानाला एव्हाना टाळं लागलं होतं. उघडलं ते शिंप्याचं दुकान. पुढच्या खोलीत बाबांचं मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे नुसता पडदा. एका खोलीत उसासा टाकला तर दुसरीत ऐकू जावा असं घर. ताईने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. बाबांनी कात्री खाली ठेवून सांगितलं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. त्यानंतर कोणी काढलंही नाही. पण आईची जीभ वर्षानुवर्षांच्या सवयीची. एका सकाळी काजं करता करता सुईत दोरा जाईना, तेव्हा आईने हाक मारली ती ताईच्याच नावाने.

‘मशीन थांबलं,’ हजेरी म्हणाली. ‘आईचा चेहरा पांढराफटक. मग मी म्हटलं, ओ.’

‘तू?’

‘हो. ओ, आले, म्हटलं. आणि जाऊन दोरा ओवून दिला. मी ओ दिल्यावर ती हाक माझीच झाली ना? मशीन पुन्हा सुरू झालं.’

आधी आई चुकून हाक मारायची. पुढेपुढे चुकून मारेनाशी झाली, जाणूनच मारू लागली. भाजी निवडायची असो, पाणी तापवायचं असो, ताईच्याच नावाने हाक, आणि धाकटीचं ओ. बाबांना समजत होतं की नव्हतं, देव जाणे. मशीन चालू राहायचं.

‘आणि तुझ्या नावाने कोण हाक मारतं?’

हजेरीने बराच विचार केला. ‘वर्गात. हजेरीच्या वेळी.’ मग तिला हसू आलं. ‘पण तेव्हा मी दुसऱ्यांच्या नंबरांच्या गडबडीत असते. परवा माझाच नंबर राहून गेला. सगळ्या हजर आणि मी गैरहजर.’

हसता हसता ती रडायला लागली. दबकून नव्हे, चांगलं नाक गळेपर्यंत. मॅडमनी कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला.

‘ताईला फोन का नाही केलास?’ बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

‘नंबर आहे. पाठ आहे. पण मी फोन केला, तर ती घरात नाही असं होईल. ओ देतेय तोवर ती आहे.’

वेळ संपली. हजेरीला उठवेना. मॅडम चपला पायांत सरकवत म्हणाल्या, ‘तुमच्या सरांनी मला सांगितलं होतं, मुलगी तोंड उघडत नाही. तू तर आल्याआल्या अख्खं दुकान मांडलंस.’

हजेरीचा चेहरा उतरला. ‘म्हणजे तुम्हाला आधीच...’

‘आधीच. सरांना मी काही बोलणार नाही. पण जिचं नाव आहे तिला पाठव. आणि तू ये, तुझ्या नावाने.’

खोलीत आल्यावर हजेरीने सगळं कबूल केलं. राणीसाहेब उठून बसल्या. ‘एक काम सांगितलं होतं तुला! सगळा वर्ग खपवलास आणि मी नाही खपले?’

‘माझी खिडकी गेली ना. झालं तर मग.’

‘ओरडल्या का गं?’

‘नाही.’

‘मग काय विचारलं एवढं?’

‘घरी काय म्हणून हाक मारतात.’

राणीसाहेब उशी मांडीवर ओढून म्हणाल्या, ‘मला घरी कोणी हाकच मारत नाही. जेवण वाढलंय, एवढं कळवतात.’ आणि जरा वेळाने त्यांनी आपली उशी-चादर उचलून दाराकडच्या कॉटवर टाकली. दुसऱ्या दिवशी केस धुऊन त्या जिना चढल्या. पाणी प्यायल्या म्हणे बरंच, पण शेवटी आत गेल्या.

हजेरीने पडदा बाजूला केला. फाटक दिसायचं. बस थांबायच्या, माणसं उतरायची. पर्स छातीशी धरून चालणारी कोणी दिसली की हजेरी गुडघ्यांवर उठून बसायची, कारण ताई तशी चालायची. बाई जवळ यायची आणि दुसरीच कोणी असायची. वॉचमन तिला दोन प्रश्न विचारायचा, ती आत यायची. ताई आली असती तर तिलाही सोडलं असतं की त्याने. म्हणजे ती आलीच नव्हती. हे दिसल्यापासून वाट पाहणं उलट जडच झालं.

अशाच एका संध्याकाळी आईचा फोन आला. मागे मशीनची घरघर होती. आईने ताईच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, ‘जेवलीस का गं?’

ओ ओठांपर्यंत आलं होतं. हजेरीने फाटकाकडे पाहिलं.

‘आई, ताई इथे नाहीये. मी आहे.’

तिकडे मशीन थांबलं, आणि बाबांचा आवाज आला, ‘कोण आहे?’

‘धाकटी,’ आई म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झालं. भांडं घासल्यासारखा उगाच आवाज झाला, म्हणजे आई मोरीपाशी गेली असणार. अगदी हळू विचारलं तिने, ‘तिचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?’

‘आहे.’

‘सांग. लिहून नाही घेता यायचा. तू सांगत जा, मी म्हणत जाते.’

हजेरीने एकेक आकडा सांगितला. आई तो परत म्हणायची, पुढचा मागायची, मधेच चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सलग म्हणून दाखवला, आणि धाकटीला तिच्या स्वतःच्या नावाने म्हणाली, ‘ठेवते आता.’

तर हिशोब लागला तो असा. राणीसाहेब परीक्षेला बसल्या. मॅडमना एकीच्या जागी दोघी मिळाल्या. हजेरीला खिडकी मिळाली आणि वर आपलं नाव परत मिळालं. याची किंमत चुकती केली ती आईने, जी कुठल्याच खुर्चीत बसायला गेली नव्हती. मोठीचं नाव त्या घरात मोठ्याने घ्यायला तिच्यापाशी एकच वाट होती, आणि आता त्या नावाच्या हाकेला ओ देणारं कोणी उरलं नव्हतं.