राखेनं घासलेली चमक

मित्रांनो, मी एक जुना ज्यूकबॉक्स आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. कपाटाएवढा माझा देह. पोटात तबकड्या आणि तोंडाशी नाणं टाकायची फट. नाणं टाकून बटण दाबलं, की मी हवं ते गाणं वाजवत असे. जन्म माझा परदेशातला, पण आयुष्य गेलं धुळ्यात, रतिलालशेठच्या हॉटेलात.

माझ्या पट्ट्या, जाळी, बटणं, सगळ्यांवर चकचकीत मुलामा होता. ट्रकवाले त्यात बघून भांग पाडत. ती चमक राखायचं काम भिकाकडे होतं. भिका तिथला वेटर. सकाळी राख आणि काथ्या घेऊन तो येई आणि लेकराला न्हाऊ घालावं तसा मला घासे. बावीस वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नाही. "भिकानं पेटी कशी ठेवलीय बघा," असं शेठ गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा तो लाजून आत पळे.

पुढे माझा आवाज बसला. मग हॉटेलही बंद झालं. शेठ म्हणाले, "भिका, पेटी तूच जपलीस. तूच घेऊन जा." तसा मी टेम्पोत बसून जळगावला, मेहरूणमधल्या त्याच्या लेकीच्या घरी आलो.

भिकाची लेक शिल्पा धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात कामाला आहे. तिनं माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, हे कोणी घासलं? नुसते ओरखडे आहेत. इथे तर खालचं पितळ दिसतंय."

"मीच घासं ना, पोरी. रोज. राख लाईसन."

"राख? अहो, मुलामा केसाहून पातळ असतो! राखेनं..." ती मध्येच थांबली. भिकाचा चेहरा पार उतरला होता.

त्यानंतर पंधरा दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. जेवायलाही पाठ करून बसे. मित्रांनो, ओरखडे मला कधी दुखले नाहीत; ते पंधरा दिवस मात्र दुखले.

एका रविवारी तो लेकीला म्हणाला, "लई जा याले तुन्हा कारखानामा. बठ्ठं नवं करी आन. मन्ही चूक कोनले दिसाले नको."

"नवा मुलामा द्यायचा तर उरलेला जुनाही उतरवावा लागेल, आबा. त्यापेक्षा आहे तो नीट पुसू. बसा इथे."

तिनं साबणाचं कोमट पाणी आणि धोतराचं मऊ फडकं पुढे ठेवलं. "दाबायचं नाही. हळू. बटणांच्या फटी तुम्हीच करा, मला त्या सापडत नाहीत."

भिकाचा हात सवयीनं चालू लागला. दुपार टळली तरी बापलेक उठले नाहीत. जिथे मुलामा होता तिथे चंदेरी उजेड आला, जिथे नव्हता तिथे पितळ सोन्यासारखं पिवळं झालं.

परवा शेजारच्या आक्काबाई मुलाम्याचं तबक घेऊन आल्या. "भिकाभाऊ, याले राख लावू का?"

भिकानं त्यांना माझ्याजवळ आणून पितळेच्या डागावर बोट ठेवलं. मान खाली न घालता तो म्हणाला, "हाई देख, आक्का. मीच करेल शे. माया व्हती, पन इचारं नही कोनले. तू इचारं, भलं करं."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला घासण्याआधी जाणत्याला विचारा. आणि मायेनं घासताना कुणाचा हात चुकला असेल, तर तो हात झिडकारू नका. त्यात मऊ फडकं द्या.