करवतीच्या दातांसारखी रेघ

मेंदूच्या आजारांच्या विभागात मोठ्या डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्यांचं निदान तयार असायचं, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

त्या सोमवारी त्यांची विद्यार्थिनी पेशंट तपासत होती आणि ते मागच्या खुर्चीत चहा घेत बसले होते. समोर पंचेचाळिशीची एक बाई आली. पूर्वी ती बस चालवायची. अकरा वर्षांपूर्वी तिला फिट्सचा आजार असल्याचं निदान झालं, लायसन्स गेलं, आणि तेव्हापासून ती आगारात हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर बसत होती. निदानाखाली सही मोठ्या डॉक्टरांची होती.

"ताई, त्रास सुरू होतो तेव्हा नेमकं काय होतं?" विद्यार्थिनीनं विचारलं.

"डोळ्यांपुढे करवतीच्या दातांसारखी रेघ येते. आधी टिकलीएवढी, मग पसरत पसरत कडेला सरकते."

"रंगीत असते?"

"छे, चंदेरी. नुसती लखलखते."

"आणि किती वेळ?"

"वीस-पंचवीस मिनिटं. मग डोकं असं ठणकतं की उलटी झाल्याशिवाय सुटका नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. फिटमध्ये डोळ्यांपुढे काही दिसलं तर ते बहुतेक रंगीत, गोल गोल, आणि फार तर दोन-तीन मिनिटांत संपणारं. इतकं सावकाश सरकतं ते मायग्रेन. हे तेच दर वर्षी शिकवत होते.

"पण बेशुद्ध पडला होतात ना?" त्यांनी मागूनच विचारलं.

"एकदाच. उलटी करून उन्हात उभी राहिले आणि कोसळले. हातपाय दोनदा झटकले म्हणे. पण लगेच उठून पाणी मागितलं की मी!"

म्हणजे साधी चक्कर. चकरेतही हातपाय असे झटकले जातात. विद्यार्थिनी लिहायची थांबली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि तिचं ते न पाहणंच डॉक्टरांना झोंबलं.

"मेंदूचा आलेख पुन्हा काढू, मग ठरवू," ते घाईघाईनं म्हणाले. बाई मान डोलावून बाहेर गेली.

मनात सबबी रांगेनं उभ्या राहिल्या. तेव्हाचा आलेख जरा संशयास्पद होता. गोळ्यांनी तिला बरंही वाटलं होतं. पण त्या गोळ्या मायग्रेनवरही चालतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कान तापले. ते उठले आणि व्हरांड्यात गेले. बाई लिफ्टपाशी उभी होती.

"ताई, थांबा. तुम्हाला फिट्स नसाव्यात. मायग्रेन असावं. चूक माझी आहे."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. लिफ्ट आली आणि निघूनही गेली.

"मी तेव्हाही रेघेचंच सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बाई, मुद्द्याचं बोला."

डॉक्टरांना ते आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं. असं ते रोज कुणा ना कुणाला म्हणत.

"म्हणालो असेन," ते म्हणाले.

"मी मूल होऊ दिलं नाही, डॉक्टर. फिट आली आणि हातातून पडलं तर, म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. भोवती माणसं ये-जा करत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कुणी ओळखू नये असं त्यांना वाटलं.

पुढच्या तपासण्यांत फिट्सचा मागमूस निघाला नाही. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. त्या कमी करत आणायला आठ महिने लागले. आणखी वर्षभर काही झालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी लायसन्सच्या कार्यालयाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. "निदान माझ्याकडून चुकले" हे वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. बाई परीक्षा देऊन पुन्हा बसवर रुजू झाली.

तपासणीला मात्र ती विद्यार्थिनीकडेच यायची. एकदा दारात समोरासमोर आले तेव्हा डॉक्टर बाजूला झाले.

"कशा आहात?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि न थांबता आत गेली.