काचेच्या टाकीतलं पाणी

सुप्याच्या आमच्या कारखान्यात बाथरूमच्या नळांना चकाकी चढवतात. त्यातून जे पाणी उरतं ते पिवळं आणि जहरी असतं, कारण त्यात क्रोमियम असतं. ते काढून टाकायचं आणि मगच पाणी ओढ्यात सोडायचं, हे माझं काम. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालोय, तरी गेटवरचे लोक मला 'गटारवाले रामहरी साहेब' म्हणतात. म्हणोत बापडे. आईबाप पाथर्डीकडून दरसाल ऊसतोडीला जायचे. हातात कोयता आला नाही, हेच मला पुष्कळ होतं.

साफ केलेलं पाणी खरंच साफ आहे हे दिसावं म्हणून आमच्याकडे काचेची एक टाकी आहे. बाहेर सोडायचं पाणीच तिच्यात भरायचं आणि मासे सोडायचे. मासे जगले तर पाणी चांगलं. आरोग्य केंद्रात डासांसाठी गप्पी मासे देतात, ते मीच आणले होते. कोणी पाहुणा आला की मोठे साहेब त्याला आधी त्या टाकीपाशी नेत.

दिवाळीनंतर पाण्यात क्रोमियम काढायचं औषध सोडणारा पंप बिघडला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "नवा येईल, तोवर चालवून घे." मी चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून सगळे मासे उलटे तरंगत होते, आणि त्याच दिवशी गिऱ्हाईक कंपनीची माणसं बघायला येणार होती. मी मेलेले मासे उपसले, टाकी घासून घेतली, पिण्याच्या नळाचं पाणी भरलं आणि नवे मासे सोडले. आजच्या दिवसापुरतंच, असं स्वतःला बजावलं. पाहुण्यांनी माशांचे फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. पंप काही आला नाही. टाकीत नळाचंच पाणी राहिलं आणि वहीत रोज 'पाणी ठीक' लिहून मी सही करत राहिलो.

कारखान्याच्या भिंतीला लागून कडूबाईंचं वावर आहे. कारखाने आल्यापासून त्या ओढ्याच्या पाण्याला हात लावत नसत, विहिरीवर भागेल तेवढंच पिकवत. एके दिवशी त्या आमच्या आवारात आल्या आणि टाकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे मासं कुठल्या पान्यात हायेत?"

साहेब शेजारीच उभे होते. पण खरं सांगायचं तर ते नसते तरी मी तेच बोललो असतो.

"ओढ्यात सोडतो त्याच पाण्यात, मावशी."

"मंग मासं जगत्यात तिथं माझा पालक जगायला काय झालं!" त्या हसल्या. त्याच आठवड्यात त्यांनी ओढ्यात मोटार टाकली.

महिन्याभरानं पालकाची पहिली जुडी माझ्या हातात आली. "लई जोमात आलाय. आमच्या दिशाच्या अंगात रगत कमी हाय, डाक्तर म्हनले हिरवी भाजी खाऊ घाला. रोज घालती." दिशा म्हणजे त्यांची नात, चौथीत आहे. ती जुडी मी घरी नेली नाही. फेकली तर एखादी गाय खाईल म्हणून रस्त्याकडेला खड्डा करून पुरली. गाईची काळजी घेणारा मी किती भला माणूस! त्या संध्याकाळी त्यांच्या वाफ्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं. आमच्याकडे एक औषध असतं, ते टाकलं की क्रोमियम असलेलं पाणी जांभळं होतं. झालं. मी नळी तीनदा धुतली.

साहेबांकडे पुन्हा गेलो. ते शांतपणे म्हणाले, "वहीत सही कुणाची आहे, रामहरी?" मी परत आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कडूबाई दिसल्या की मी मागच्या दारानं जाऊ लागलो. तरी गेटवर माझ्या नावानं जुड्या येतच राहिल्या आणि मी पुरतच राहिलो.

बुधवारी दुपारी त्यांनी मला गेटपाशी गाठलंच. लिंबाखाली बसवलं, फडकं सोडलं आणि भाकरीवर पालकाची भाजी घालून माझ्या हातात दिली. "रोज नुसती जुडी नेता. आज माझ्या हातची खा."

मी तुकडा मोडला. हात तोंडाकडे जाईना. त्यांनी स्वतःचा घास उचलला होता, तो तसाच थांबला.

"उपास हाय का?"

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो.

"मावशी, तो घास खाली ठेवा. मी खोटं बोललो हुतो. मासं नळाच्या पान्यात हायेत. ओढ्याच्या पान्यात जहर हाय."

त्यांनी घास ठेवला. "कवापास्नं?"

"तुमी इचारलं त्याच्या आधीपास्नं."

त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या उठल्या. "दिशाच्या डब्यात हीच भाजी दिलीया," म्हणाल्या आणि चपला तिथंच टाकून शाळेकडे पळत सुटल्या. गाडीवर चला म्हणालो, तर मागं वळूनही बघितलं नाही.

मी गाडीवरून त्यांच्या आधी पोचलो. मधली सुट्टी संपत आली होती. व्हरांड्यात दिशा डबा बोटानं पुसून खात होती.

"भाजी खाल्ली का गं?"

"व्हय, समद्यांनी," ती खुशीत म्हणाली. "आजीची भाजी आमच्या ओळीत रोज समद्यांना लागती. आजी मुद्दाम जास्ती देती."

मागून धापा टाकत कडूबाई आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या दिशाजवळ गेल्या नाहीत, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि ओळीतली पोरं मोजू लागल्या. मीही मोजली. अकरा होती.