आत घेतलेला शर्ट

"यांचं वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी खाली बघून यांच्या शर्टाची शिवण चाचपायला लागले. एरवी गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड देणारी मी!

आमचं शिवणकामाचं दुकान. हे कापतात, मी शिवते. आधी यांची जीभ जड झाली, मग घोट अडकायला लागला. मज्जातंतूंचा आजार, बरा न होणारा. तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, "पोटात नळी बसवून घ्या. छातीत श्वासाचा जोर आहे तोवरच ते सोपं असतं. निदान वजन उतरायला लागलं की लगेच या." यांनी मान हलवली, नको. मलाही वाटलं, माझ्या हातचं जेवतील की, नळी कशाला? मेली अक्कल माझी!

शर्ट ढगळ झाला तशी मी बाजूची शिवण अर्धा इंच आत घेतली. थोड्या दिवसांनी पुन्हा. अंगावर कपडा लोंबलेला मला खपत नाही. नणंद यायची आणि म्हणायची, "दादा आहे तस्साच आहे गं!" मला तेच ऐकायचं असायचं. माळ्यावरचा वजनकाटा मी खाली काढलाच नाही.

आता यांच्या अंगातला शर्ट काढून मी उलटा केला आणि बाईंपुढे टाकला. आत टाक्यांच्या पाच रेघा. "हे बघा. चार महिने झाले."

बाईंनी यांना श्वासाचा जोर मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं. ओठ मिटता मिटेनात. "दोन महिने आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता नळी बसवताना श्वासच थांबू शकतो. उद्या पुन्हा फुंकून बघू, मग ठरवू."

"अहो, मीच घात केला हो तुमचा," मी हुंदके देत म्हणाले.

यांनी माझ्या पिशवीतला खडू काढला, शर्ट सुलट केला आणि डाव्या बरगडीखाली एक बारीक रेघ मारली. मग बोलता येत नाही म्हणून जवळ ठेवलेल्या वहीत लिहिलं, "मला कळत होतं. मापं मीच घेतो ना? इथे काज कर, नळी बाहेर यायला. मला जगायचंय."

जन्मात केलं नसेल इतकं नीट काज केलं मी. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून हे फुंकायला बसले. डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलं. आकडा कालच्याहून खाली गेला.

बाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही. यांचं तिकडे लक्ष नव्हतं. काजातून बोट बाहेर काढून हे त्यांना दाखवत होते, नळी इथून येईल म्हणून.