एका कपचीचं कुळ

बाबांनी दगडफुलांच्या वर्गीकरणात एक स्वतंत्र कुळ मांडलं होतं. त्यात एकच जात होती आणि त्या जातीचा एकच नमुना: नखाएवढी राखाडी कपची. बाबांचं म्हणणं, ब्लीचचा थेंब टाकला की ती लाल होते. शेजारच्या कुळातली दगडफुलं होत नाहीत. काकांचं म्हणणं, बाबांना लाल दिसायची सवयच होती.

काका म्हणजे बाबांचे सहकारी आणि जन्माचे विरोधक. बाबा गेल्यावर त्यांचा संग्रह संस्थेच्या कपाटात लावायचं काम काकांकडेच आलं. कपची लाल झाली नाही, तर बाबांचं कुळ रद्द आणि ती शेजारच्या मोठ्या कुळात जमा. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. आत्या घरून ब्लीचची बाटलीच घेऊन आली होती.

पहिला थेंब पडला. कपची लाल झाली आणि लगेच पुन्हा राखाडी. हा रंग टिकत नाहीच. काका तेव्हा भिंग पुसत होते.

"झाली," मी म्हणाले.

"मी पाहिली नाही."

भिजलेला भाग वाया गेला. तो मी ब्लेडने काढून टाकला. दुसऱ्या थेंबाला काका आणि आत्या एकदमच वाकले. डोकी आपटली.

"दिसलं का?" आत्याने कपाळ चोळत विचारलं.

"काजवे दिसले."

तिसऱ्या वेळी काका भिंगाला डोळा चिकटवून बसले.

"नारिंगी," ते म्हणाले.

"अहो, लालभडक होती," आत्या म्हणाली.

"नारिंगीकडे झुकणारी गुलाबी."

"दादा असता तर त्याने तुमचं भिंग फोडलं असतं."

"एकदा फोडलं होतं. हे दुसरं." काकांनी बाटली उचलली. "अजून एक थेंब. या वेळी नक्की ठरवतो."

मी कपचीकडे पाहिलं. मसुराएवढी उरली होती. ती जिथे सापडली, तो खडक फोडून रस्ता झालाय. बाबांचं खरं ठरवण्याच्या नादात आम्ही त्यांचं कुळच संपवत आणलं होतं. मी कपची पाकिटात घालून पाकीट मिटलं.

"आता नाही."

"मग ही ठेवू कुठे?"

"त्यांच्या कुळात."

"एवढ्याशा तुकड्याला आख्खा खण?"

"दादा घरातही असाच राहायचा," आत्या म्हणाली. "एकटा, आख्खी खोली अडवून."

काकांनी मोठ्या कुळाचे डबे एकेक करून खाली उतरवले. खण रिकामा झाला, तेव्हा तो कोरड्या फडक्याने पुसला आणि पाकिटासाठी हात मागे केला.

"पटलं म्हणून नाही हं," ते माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले.