ऑरिन क्लॉसन गाव दाखवतो

डेलानं गाडीचं मागचं दार इतक्या जोरात आपटलं, की पुढे बसलेल्या पाहुणीनं दचकून मांडीवरची फाइल घट्ट धरली.

"दार नीट लागत नाही या गाडीचं," डेला म्हणाली. दार अगदी नीट लागत होतं.

ऑरिननं टोपी सारखी केली आणि किल्ली फिरवली. "तर मिस पेट्राक, आधी टेकडीवर चढणारी ट्रॉली बघू. मग बटणांचा कारखाना, मग..."

"ऑरिन, तिला सही हवीय. गाव नकोय."

"सही कुठे पळून जातेय?"

नोरीन पेट्राक पोर्ट हॅडलीच्या नगरपालिकेतून आली होती. वॉटर स्ट्रीटवरची घरं दर काही वर्षांनी मिसिसिपी पोटात घ्यायची, म्हणून नगरपालिका ती विकत घेऊन पाडत होती आणि तिथे हिरवळ लावत होती. शेजारच्यांनी सह्या केव्हाच करून टाकल्या होत्या. राहिलं होतं ते क्लॉसनांचं घर. ते नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं आणि मुदत आज संपत होती. नोरीनची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी ऑरिननं तिला तळघरात नेऊन भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या, आणि प्रत्येक खुणेला एक गोष्ट लावली. दुसऱ्या वेळी कॅटफिश तळून वाढला आणि सहीचा विषय निघाला, की आणखी एक तुकडा तिच्या पानात टाकत गेला.

'नाही' मात्र तो एकदाही म्हणाला नव्हता. म्हणाला असता तर डेलाला कडाकडा भांडता आलं असतं. हसतमुखानं टाळणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? गेल्या पुरात फ्रीजर जिन्यावरून वर चढवताना तिचा गुडघा जो कामातून गेला तो गेलाच. भिंतीच्या आतला चिखल उन्हाळाभर घाण मारत होता. चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खाटांवर अख्ख्या गल्लीचं घोरणं ऐकत तिनं दिवस काढले होते. वर, टेकडीमागे, त्यांच्यासाठी एक फ्लॅट राखून ठेवलेला होता. आणि हा माणूस गाव दाखवत होता.

ट्रॉली बंद होती. दुरुस्तीची पाटी लावलेली. ऑरिन तरीही उतरला आणि रुळांकडे हात करून म्हणाला, "मिसिसिपीच्या पश्चिमेला एवढा उभा चढ दुसरा नाही!"

"मोजला कोणी?" डेला काचेतून ओरडली.

बटणांच्या कारखान्यात आता महागडी घरं झाली होती. खालच्या मजल्यावरच्या जिममध्ये माणसं जागच्या जागी धावत होती. ऑरिननं नोरीनला सांगितलं, की नदीतल्या शिंपल्यांना भोकं पाडून इथे बटणं करायचे, आणि अजूनही परसात टोमॅटो लावायला खड्डा खणला, तर भोकाभोकांचे शिंपले वर येतात.

"माझी आजी इथेच मशीनवर होती. मिसिसिपीच्या पश्चिमेची सगळ्यात चलाख कामगार!"

"तुझी आजी दोन आठवड्यांत पळून गेली होती. तुझ्या आईनंच सांगितलंय मला."

"दोन आठवड्यांत तिनं काय काम केलं, ते नाही सांगितलं तिनं."

नोरीन हसली. त्याला तेवढं पुरलं. मग जुनं हॉटेल झालं. तिथे एक राष्ट्राध्यक्ष झोपला होता म्हणे. तो झोपला नव्हता, आगगाडी चुकली म्हणून लॉबीत ताटकळला होता, हे डेलानं मागून सांगितलं. मग जेवण झालं. डुकराच्या मांसाचं तळलेलं टेंडरलॉइन पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबत होतं. ते कुठून खायला सुरुवात करावी हे नोरीनला कळेना, तर ऑरिननं त्यावरही पाच मिनिटं घेतली.

"बाई गं, तू तरी बोल त्याला," डेला शेवटी म्हणाली. "तुझं काम आहे ना हे?"

"मी नेब्रास्काची आहे, मिसेस क्लॉसन," नोरीन ओशाळून म्हणाली. "आमच्या गावात बघण्यासारखं म्हणजे धान्याचं कोठार. तेही एकच."

"बघ!" ऑरिन म्हणाला, जणू खटला जिंकला.

डेलानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी टेकडीच्या टोकावर, कठड्यापाशी उभी होती. खाली नदी पसरली होती, रुंद आणि चहाच्या रंगाची. मधे झाडांनी भरलेली बेटं होती. पलीकडच्या काठावर इलिनॉयची शेतं.

"तुमचं घर कुठलं?" नोरीननं विचारलं.

ऑरिननं बोट उचललं. ते पुलापासून निघालं, चर्चच्या मनोऱ्यापर्यंत आलं, आणखी डावीकडे सरकलं आणि थांबलं. तिथे कॅसिनोचं नवं हॉटेल होतं, काचेचं, सात-आठ मजली.

"त्याच्या..." तो म्हणाला. "त्याच्या मागे असणार."

बोट तसंच राहिलं थोडा वेळ. मग त्यानं हात खाली घेतला आणि खिशातून चष्मा काढला.

"आण ते कागद."

नोरीननं फाइल बॉनेटवर ठेवली. त्यानं कागद वाचले नाहीत. सही केली, पेन मागे सारलं आणि कठड्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आता तुम्ही, मिसेस क्लॉसन."

डेलानं पेन घेतलं. टोपण काढलं. वारा कागदाचं टोक उडवत होता, ते नोरीननं बोटानं दाबून धरलं होतं. डेलानं एकदा त्या काचेच्या हॉटेलाकडे पाहिलं.

"पोरी, धरणाच्या लॉकमधून मालवाहू बार्ज उतरताना पाहिलंस कधी?"

"नाही."

"म्हणजे?" डेला गर्रकन नवऱ्याकडे वळली. "सकाळपासून गाव दाखवतोयस, चुकलेल्या आगगाड्या दाखवतोयस, आणि लॉकवर नेलं नाहीस तिला? काय उपयोगाचा माणूस आहेस तू!"

"डेला, अख्खा ताफा उतरायला दीड तास जातो. हिचं ऑफिस बंद होईल."

"मला माहितीय किती जातो. गाडी काढ."

ऑरिननं नोरीनकडे पाहिलं. नोरीननं घड्याळ पाहिलं, मग बाही त्याच्यावर ओढली. "तारीख आजची असली म्हणजे झालं," ती म्हणाली.

धरणापाशी पोचले तेव्हा मक्यानं भरलेल्या बार्जांचा ताफा येऊन लागला होता. एका वेळी तो लॉकच्या हौदात मावत नव्हता, म्हणून खलाशांनी त्याचे दोन भाग केले. पहिला भाग आत घेतला, दारं मिटली, आणि ते अवाढव्य लोखंडी पेटारे पाण्याबरोबर हळूहळू खाली जाऊ लागले. नोरीन कठड्यावर वाकून बघत होती.

"याची दुसरी पाळी असायची ट्रॅक्टरच्या कारखान्यात," डेला म्हणाली. "घर खायला उठायचं मला. मग मी इथे यायची. डेकवरची पोरं हात करायची. बोटींना मोठा दिवा असतो. वळण घेताना त्याचा झोत काठावर टाकतात. तो आमच्या खिडकीतून आत येतो आणि छतावरून सरकत जातो. तेव्हा आमचं लेकरू रडत असलं ना, की त्या दिव्याकडे बघत गप्प व्हायचं. हिवाळ्यात नदी गोठली की बंद. मग मार्चात पहिली बोट आली, की मी याला हलवून उठवायची. आली बघ, म्हणून."

"आणि दुसऱ्या मिनिटाला पुराची काळजी सुरू करायची," ऑरिन म्हणाला.

"करायचीच. तुला करता येत नव्हती म्हणून."

दुसरा भाग आत आला, मागे ढकलणारी बोट आली, पाणी पुन्हा उतरलं. डेलानं तिला दोर कसे सैल सोडतात ते दाखवलं, बेटाशी पाणी उथळ कुठे आहे ते दाखवलं. ऑरिन दोनदा गाडीकडे जाऊन आला. तिसऱ्यांदा जांभई देत म्हणाला, "डेला, आता पुरे की."

"तू गप्प बस."

शेवटी खालची दारं उघडली. खलाशांनी दोन्ही भाग पुन्हा एकत्र बांधले, बोटीनं भोंगा दिला आणि तो सगळा लांबलचक डोलारा दक्षिणेला सरकू लागला. तेव्हा डेलानं कागद कठड्यावर ठेवले आणि सही केली. नाव नीट, शाळेतल्यासारखं, पूर्ण लिहिलं.

"नव्या घरातून नदी दिसते का?" फाइल बंद करताना नोरीननं विचारलं.

"नाही," डेला म्हणाली. "पण जमीन कोरडी आहे."

ऑरिननं गाडी सुरू केली होती. डेला हलली नाही.

"कोरडी आहे," ती पुन्हा म्हणाली, आणि वळणाआड चाललेल्या बोटीकडे, डेकवरचं कोणी मागे बघत नव्हतं तरी, हात वर करून हलवत राहिली.